घर तपासणारा माणूस : शिकण्याजोगे एक काम



दहावी-बारावी झाली की तुमच्यापैकी बरेच जण विचारतात, "दादा, पुढे काय करू?" पोलीस भरती, शिक्षक, नर्सिंग हे मार्ग तुम्हाला ठाऊक आहेत. आज मी माझ्या स्वतःच्या कामाविषयी सांगतो. मी घरे तपासतो.

मी गवंड्याचा मुलगा. वसतिगृहात राहून स्थापत्य पदविका पूर्ण केली आणि जव्हार-मोखाडा भागात घरकुलांच्या तपासणीच्या कंत्राटी कामाला लागलो. जोते, लिंटेल, छप्पर अशा टप्प्यांवर जायचे, जागेच्या नोंदीसह फोटो काढायचा आणि पुढच्या हप्त्याची शिफारस करायची, असे ते काम.

पहिल्याच वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. एका विधवा मावशीचा स्लॅब मे महिन्यात पडला. मी फोटो काढला, "पाणी मारता ना?" असे विचारले. तिने मान हलवली. मी निघून आलो. हातपंप आटलेला होता आणि ती दीड किलोमीटरवरून पिण्याचे पाणी आणत होती, हे मी पाहिलेच नाही. जुलैत स्लॅब गळू लागला. मी गेलो तेव्हा ती पुन्हा जुन्या कुडाच्या घरात राहत होती. मला म्हणाली, "भाऊ, फोटोत गळत नाही ना?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. पावसाळ्यानंतर वडिलांना घेऊन गेलो आणि भेगा भरून दिल्या. आता गळत नाही, पण भिंतीला ओल अजून येते. तेव्हापासून स्लॅब कधी टाकायचा हे मी घरमालकाबरोबर आधीच ठरवतो. विहिरीला पाणी असते त्या दिवसांत, म्हणजे शक्यतो हिवाळ्यात. तपासणी बांधकाम संपल्यावर सुरू होत नाही, ती आधीपासून सुरू होते. हा माझा पहिला धडा.

काय तपासायचे?

१. वीट : दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज यावा. साधारण मीटरभर उंचीवरून टाकली तर वीट फुटू नये.

२. वाळू : काचेच्या बरणीत वाळू व पाणी घालून हलवा आणि काही तास ठेवा. वर मातीचा जाड थर बसला तर वाळू धुऊन घ्यावी लागेल.

३. काटकोन : दोरीने एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट मोजा. तिरकी बाजू नेमकी ५ फूट भरली तर कोपरा गुण्यात आहे. भिंत ओळंब्याने आणि जोते पाण्याच्या नळीने तपासा.

४. काँक्रीट : ५० किलोच्या पोत्याला २५ ते २७ लिटरच्या वर पाणी नको. सळई फळीला टेकू नये म्हणून खाली कव्हर ब्लॉक हवेत.

५. पाणी मारणे : आजच्या मिश्र सिमेंटला कमीत कमी १० दिवस, कडक उन्हात १४ दिवस. स्लॅबवर मातीचे आळे करून पाणी साठवावे, किंवा ओली गोणपाटे अंथरावीत.

शिक्षण कुठे?

आठवी पास मुलांना आयटीआयमध्ये गवंडीकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. दहावीनंतर आरेखक (स्थापत्य) हा दोन वर्षांचा, किंवा तंत्रनिकेतनात तीन वर्षांची स्थापत्य पदविका. नंदुरबार आणि गडचिरोली येथेही शासकीय तंत्रनिकेतने आहेत. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय पूर्ण केलेल्यांना पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाचा मार्ग आहे. प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये ग्रामीण गवंड्यांसाठी ४५ दिवसांचे प्रशिक्षण असते आणि ते प्रत्यक्ष घर बांधतच दिले जाते. जातीचा दाखला व वैधता प्रमाणपत्र वेळेत काढा. शिष्यवृत्ती आणि आदिवासी विकास विभागाचे वसतिगृह यांचे अर्जही चुकवू नका.

काम कुठे?

गावाकडे घरकुल योजना आहेत. कातकरी, कोलाम व माडिया गोंड बांधवांसाठी २०२३ साली सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत घरासाठी २ लाख रुपये मिळतात. ही घरे तपासायला त्या पाड्याची भाषा येणारा माणूस असेल, तर मान हलवण्यामागचा खरा अर्थ त्याला कळेल.

शहरात, मुंबई-पुण्याकडे, फ्लॅटचा ताबा घेण्याआधी तो तपासून घेणारे लोक आता आहेत. फरशी ठोकून पोकळ आवाज ऐकणे, न्हाणीघरात पाणी साठवून खालच्या छताला ओल येते का पाहणे, विजेचे अर्थिंग तपासणे अशी ही कामे. रेरा कायद्याने ताबा दिल्यापासून ५ वर्षांत दाखवून दिलेला बांधकामातला दोष बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. म्हणून लेखी अहवालाला किंमत आहे.

दोन गोष्टी स्पष्ट सांगतो

घर तपासनीस म्हणून आपल्याकडे वेगळा सरकारी परवाना नाही. त्यामुळे "आठवड्यात प्रमाणपत्र, लगेच नोकरी" असे सांगून मोठी फी मागणाऱ्यांपासून सावध राहा. इमारत धोकादायक आहे की नाही हे सांगण्याचा अधिकार स्ट्रक्चरल इंजिनिअरचा, आपला नव्हे. दुसरे, गावाकडचे काम बहुधा कंत्राटी असते आणि मानधन कधी कधी उशिरा येते. पहिली दोन-तीन वर्षे चांगल्या गवंड्याच्या वा अभियंत्याच्या हाताखाली काढण्याची तयारी ठेवा.

विचार करा, करून पाहा

१. तुमच्या पाड्यातले नुकतेच बांधलेले एक घर पाहा. वरच्या पाचपैकी किती गोष्टी तुम्हाला स्वतः तपासता येतात?

२. त्या घरातल्या बाईला विचारा, पावसात कुठे ओल येते? उत्तर वहीत लिहा.

३. मी मावशीला नेमका कोणता प्रश्न विचारायला हवा होता?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला सापडले, तर या कामाला तुम्ही निम्मे तयार झालात.