चालढकल

उर्दूत आपण ज्याला टालमटोल म्हणतो, त्याला मराठीत चालढकल असा शब्द आहे.

भूमितीची वही उघडायची असते. पण आधी पेन्सिलीला टोक काढावेसे वाटते, मग पाणी प्यावेसे वाटते, मग किल्ल्याकडे एक फेरी मारून यावीशी वाटते. संध्याकाळ होते. अब्बा म्हणतात, "आळशी आहेस!" पण आळशी माणूस आरामात झोपतो. तुमच्या मनात तर फिरतानासुद्धा प्रमेयच घोळत असते.

खरे कारण बहुधा भावनेत असते. प्रमेय आले नाही तर मुले हसतील, अशी भीती वाटते. वही मिटली की भीती घटकाभर जाते. ही सुटका मनाला आवडते, म्हणून दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तेच करते. काम मात्र तेवढेच राहते आणि वेळ कमी होतो. भीती आणखी वाढते. फ्युशिया सिरॉइस व टिमथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली हेच मांडले. अशा वेळी फक्त आकृती काढा, पक्ष आणि साध्य लिहा. सिद्धता नंतर पाहता येते.

स्वतःला दोष देत बसण्यानेही काम होत नाही. कॅनडातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. पहिल्या परीक्षेच्या वेळी चालढकल केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केले, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली.

काही मुलांची गोष्ट वेगळी असते. त्यांचे लक्ष एका जागी टिकत नाही, वही-डबा हरवतो, सांगितलेले काम अर्ध्यावर विसरते. महिन्याने येणारी परीक्षा त्यांना फार दूर वाटते. हीच मुले क्रिकेट मात्र तासन्‌तास खेळतात, म्हणून मोठ्यांना वाटते की ती मुद्दाम करतात. तसे नसते. या अवस्थेला डॉक्टर एडीएचडी म्हणतात. तिची लक्षणे बारा वर्षांच्या आत दिसू लागतात. मार देऊन ती जात नाही, उलट मनात धास्ती बसते आणि मूल अभ्यास अधिकच टाळते. अर्थात, चालढकल करणाऱ्या प्रत्येकाला एडीएचडी असते असे समजू नका. ते तपासून ठरवणे डॉक्टरांचे काम आहे.

आपल्या धारूरहून अंबाजोगाई जवळ आहे. तेथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अम्मी-अब्बांबरोबर जाता येते. घरूनच बोलायचे असेल, तर सरकारने २०२२ साली सुरू केलेला 'टेली-मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. तो रात्रीही चालू असतो.