हाड वाढलंय म्हणून दूध सोडू नका, लघवी अडली तर मात्र थांबू नका

“डॉक्टर, कमरेत हाड वाढलंय, म्हणून दूध आणि कॅल्शियम बंद केलंय.” एक्स-रे टेबलावर ठेवत रुग्ण हे इतक्या खात्रीने सांगतात, की मला दर वेळी पहिल्यापासून समजवावं लागतं. दुधाने ते हाड वाढत नाही. मणक्यांमधली गादी झिजते, कडांवर ताण येतो आणि शरीर तिथे नवं हाड घालतं. साठीनंतर बहुतेकांच्या एक्स-रेत ते दिसतं. त्यातल्या कितीतरी जणांची कंबर दुखतही नाही. तेव्हा रिपोर्ट वाचून झोप उडवू नका. दूध प्या, रोज चाला.

काहींमध्ये मात्र हेच हाड आतल्या बाजूला वाढतं, गादीही मागे सरकते आणि नसांची वाट अरुंद होते. थोडं चाललं की पोटऱ्या भरून येतात, बसलं किंवा पुढे वाकलं की बरं वाटतं. अशा त्रासावर उपचाराला सहसा वेळ मिळतो. कमरेच्या खालच्या भागातल्या नसांचा अख्खा जुडगाच दाबला गेला, तर तेवढा वेळ मिळत नाही. लघवी, शौच आणि पाय यांचा ताबा याच नसांकडे असतो. या अवस्थेला ‘कॉडा इक्विना सिंड्रोम’ म्हणतात.

माझ्याकडे आलेल्या एका शेतकरी काकांची चप्पल चालताना पायातून निसटायची आणि त्यांना कळायचंही नाही. ‘नस मोकळी करतो’ म्हणत एकाने त्यांच्या कमरेवर पाय देऊन दाबलं. पुढे लघवी अडली, ते घरच्यांनी प्रोस्टेटवर ढकललं. ऑपरेशननंतर पायात जोर आला, पण लघवीसाठी आजही नळी लागते.

हाड वितळवणारं तेल, लेप किंवा काढा अस्तित्वात नाही, मोबाइलवर कुणीही काहीही पाठवो. एका दिवसात आराम देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्महिने घेतल्या, तर मूत्रपिंडं खराब होऊ शकतात.

शौचाची जागा किंवा मांड्यांची आतली बाजू बधिर झाली, लघवी सुरू होईना किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, पाऊल लुळं पडलं, तर सकाळची वाट पाहू नका. एमआरआय आणि मणक्याचे सर्जन असतील अशा रुग्णालयात त्याच रात्री जा. इथे तास मोजले जातात. उशीर झाला तर गेलेला ताबा परत येईलच असं नाही. बायका हे सांगायला लाजतात, म्हणून घरातल्यांनो, आईला, आजीला तुम्हीच विचारा.