काँक्रीटला होल मारायचाय? आधी हिशेब बघा

नव्या फ्लॅटमध्ये पडद्यांचे रॉड लावायला घेतले की पहिलाच होल अर्ध्या इंचावर अडतो. बाकीची भिंत विटांची किंवा ब्लॉकची असली तरी खिडकीच्या डोक्यावर लिंटेल किंवा बीम असतो, आणि पडद्याचे ब्रॅकेट नेमके तिथेच येतात. मायवान पद्धतीच्या टॉवरमध्ये तर अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकत्रच ओततात. तिथे जवळपास सगळं घरच काँक्रीटचं.

भिंत कसली आहे ते भुकटी सांगते. वरचा गिलावा संपल्यावर लाल पूड आली तर वीट. पांढरी, हलकी पूड आली आणि बिट सहज आत गेला तर सिमेंटचा हलका ब्लॉक. राखाडी, बारीक पूड आली आणि मशीन नुसतंच किंचाळत राहिलं तर काँक्रीट.

आता दर. पुणे-मुंबईकडे घरी येणारा इलेक्ट्रिशियन किंवा सुतार साध्या भिंतीत एका होलचे साधारण ३० ते ५० रुपये घेतो, काँक्रीटमध्ये ५० ते १००. शिवाय फेरीचे किमान दोन-तीनशे ठरलेले. आकडा छोटा वाटतो, पण मोजून बघा: तीन खिडक्या, प्रत्येक रॉडला तीन ब्रॅकेट, ब्रॅकेटला दोन स्क्रू, म्हणजे १८ होल. ६० रुपयांनी १,०८० रुपये झाले, तेही फक्त पडद्यांचे. म्हणून होलवर बोलूच नका. आरसा, टीव्ही, देवघर, कपड्यांचं स्टँड अशी सगळी यादी करा, जागांवर पेन्सिलीने खुणा करा आणि उक्ता दर ठरवा. गिट्टी-स्क्रू कुणाचे, हेही तेव्हाच विचारा. दुकानात ते स्वस्त असतात, बिलात मात्र फुगतात.

फोनवर आणखी एक प्रश्न विचाराच: ‘हॅमर आहे का?’ अनेकांकडे असतं ते साधं इम्पॅक्ट ड्रिल. त्यात दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून बिटला बारीक हादरे देतात, जोर मात्र माणसाच्या खांद्याचा. विटेला ते पुरतं. रोटरी हॅमरमध्ये आतला दट्ट्या हवेच्या दाबाने बिटवर ठोके मारतो, जोर मशीनचाच असतो. त्यामुळे साध्या ड्रिलला मिनिटंच्या मिनिटं घेणारा सहा मिलिमीटरचा होल तो काही सेकंदांत पाडतो.

स्वतः करायचं असेल तर बरं इम्पॅक्ट ड्रिल अडीच ते साडेतीन हजारांना मिळतं. काँक्रीटच्या घरासाठी ते घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. रोटरी हॅमर साध्या कंपनीचा साडेतीन-चार हजारांपासून, नावाजलेल्या कंपनीचा सहा-सात हजारांच्या पुढे. वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तूसाठी एवढे घालवण्यापेक्षा हार्डवेअरच्या दुकानातून दिवसाला तीनशे ते पाचशे रुपये भाड्याने आणा. अनामत वेगळी. बिट तेवढा स्वतःचा, नवा घ्या, शे-दीडशेला येतो. भाड्याच्या मशीनबरोबर येणाऱ्या बिटचं टोक बहुधा झिजलेलं असतं, आणि मग दोष मशीनला दिला जातो.

होल अडला तर आधी मशीन हॅमर मोडवर आहे का ते बघा. तरीही अडत असेल आणि चकाकता कीस येत असेल तर खाली सळई आहे. तिच्याशी झगडू नका, इंचभर सरकून नवा होल घ्या. गिट्टी पूर्ण काँक्रीटमध्ये बसायला हवी, गिलाव्याचा भरवसा नाही. म्हणून सहाच्या गिट्टीला गिलावा सोडून ३० ते ३५ मिलिमीटर खोली धरा आणि आतली पूड काढा. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि आडव्या रेषेत ड्रिल लावू नका, वायरचा पाइप तिथूनच जातो. गॉगल आणि मास्क हवाच, काँक्रीटच्या धुळीतली सिलिका फुप्फुसाला घातक असते.

एसीच्या पाइपचा होल हे वेगळं काम. दोन-अडीच इंचांचं कोअर कटिंग साधारण पाचशे ते दीड हजारांत होतं, भिंतीच्या जाडीप्रमाणे. नव्या टॉवरमध्ये बिल्डरने बऱ्याचदा त्यासाठी पाइप आधीच सोडलेला असतो, तो शोधा. कोअरचं मशीन सळईही कापून जातं, त्यामुळे कॉलम-बीमला ते लावायचंच नाही, आणि मायवानच्या भिंतीत सोसायटीची व स्ट्रक्चरल इंजिनिअरची लेखी परवानगी घेतल्याशिवाय नाही. एसी बसवणारा ‘काही होत नाही’ म्हणेल. सही मात्र तो करणार नाही.

चुकलेले होल बुजवायला शंभरभर रुपयांची पुट्टी पुरते. रंगाचं काम झालं तेव्हा उरलेला रंग आणि त्याचा शेड नंबर ठेवला असेल तर खर्च तिथेच थांबतो. नसेल तर ठिगळ दिसू नये म्हणून पूर्ण भिंत रंगवावी लागते, आणि ते बिल सगळ्या होलांच्या मजुरीपेक्षा मोठं येतं.