पुढाऱ्याचे घर
(वाचावयाचा भाग: १ तीमथ्य ३:१-५)

मंडळीचा पुढारी प्रभूमध्ये निजला म्हणजे आपण त्याच्या उपदेशांची व गीतांची आठवण काढितो. परंतु पौल प्रेषित अध्यक्षाची परीक्षा त्याच्या घरापासून करितो.

रेव्हरंड नारायण वामन टिळक ता. ९ मे १९१९ रोजी मुंबईस निवर्तले. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, तेव्हा कुटुंबाची ताटातूट झाली; पत्नी लक्ष्मीबाई आप्तांकडे राहिल्या. पुढे त्या परत आल्या, तेव्हा त्यांच्या सोवळ्याओवळ्यावर टिळकांनी जबरी केली नाही. त्यांनी वाट पाहिली. काही वर्षांनी लक्ष्मीबाईंनी आपल्या मनाने प्रभूस स्वीकारिले.

टिळक निर्दोष होते काय? नाही. त्यांचा तापट स्वभाव व हाती पैसा न टिकणे, हे लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' या ग्रंथात लपविले नाही. तरी त्याच लक्ष्मीबाईंनी पतीचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पूर्ण केले. जिने दोष जवळून पाहिले, तिनेच काम उचलिले. याहून मोठी साक्ष कोणती?

उपदेशक बंधूंनो, दहा वाड्यांत सुवार्ता सांगून घरी कठोर शब्द बोलणे आम्हांस शोभत नाही. मृताची खोटी स्तुती करणे हेही प्रीतीचे काम नव्हे. खरे सांगावे, आणि उपकार मानावे.

प्रश्न : १. आपल्या घरच्यांस आपण धीराने वागवितो काय?
२. आपल्यामागे आपले काम कोण प्रीतीने उचलील?