कडमत बेटावर बुडी

केरळच्या पश्चिमेला नकाशात बारीक ठिपके दिसतात. ते लक्षद्वीप. बेटे ३६, पण सगळी मिळून जमीन फक्त ३२ चौरस किलोमीटर! त्यांतलेच एक कडमत. लांबी सुमारे ९ किलोमीटर, रुंदी मात्र अर्ध्या किलोमीटरच्या आसपास. एका समुद्राकडून निघालो आणि दहा मिनिटांत दुसऱ्या समुद्राशी पोचलो.

बाहेरच्या माणसाला तिथे जायला परवाना लागतो. तो काढून आम्ही कोचीहून जहाजाने गेलो. जहाज बाहेरच थांबले. होडीतून किनाऱ्याला लागलो. जिकडे तिकडे माड. लोक मलयाळम बोलतात, गळाच्या काठीने कुपा मासा धरतात. गडबड नाही, गोंगाट नाही.

हे बेट बांधले कोणी? पोवळ्याच्या किड्यांनी! पोवळे म्हणजे दगड नव्हे, बरे का. तो इवलासा प्राणी आहे. तो आपल्याभोवती चुन्याचे घर करतो. एकावर एक अशी लाखो घरे हजारो वर्षे रचली गेली, त्यांचे हे बेट. त्यांचाच बांध समोर समुद्रात आहे. मोठी लाट त्यावर फुटते, आत पाणी शांत राहते. बांध गेला तर बेटही धोक्यात.

आता बुडीची गोष्ट. पाठीवर हवेची टाकी बांधतात. तीत काय असते? “नुसता प्राणवायू,” आमच्यातला एक म्हणाला. शिकवणारा हसला. “नाही हो, आपली साधीच हवा. दाबून भरलेली.”

विहिरीत खोल बुडी मारली की कान दुखतात ना? तो पाण्याचा दाब. दर १० मीटरला तो एका वातावरणाने वाढतो. म्हणून नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचे, मग कान मोकळे होतात. दुखेपर्यंत थांबायचे नाही, आधीच फुंकायचे.

पण खरा धोका वर येताना असतो. १० मीटरवर छातीत भरून घेतलेली हवा पाण्यावर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. अशा वेळी श्वास रोखला, तर फुप्फुस फाटते. माणूस मरतोसुद्धा. आपल्याला लहानपणापासून सवय काय? पाण्यात शिरलो की श्वास कोंडायचा! इथे उलट. श्वास चालूच ठेवायचा. वर यायचे तेही सावकाश, आणि पुढचा दिवसभर तरी विमानात बसायचे नाही.

खाली गेलो. निळे-पिवळे मासे अगदी तोंडाजवळून गेले. एक कासव संथपणे चरत होते. आम्ही हाताने काही सांगू लागलो, पण हसू आवरेना आणि तोंडात पाणी शिरले.

काही ठिकाणी पोवळे मेलेले दिसले. करड्या रंगाचे, फांद्या मोडलेले. पोवळ्याच्या अंगात बारीक शेवाळ राहते. तेच त्याला अन्न देते. समुद्र फार तापला की पोवळे ते शेवाळ टाकून देते आणि पांढरे पडते. पाणी लवकर निवले तर वाचते, नाही तर उपाशी मरते. १९९८, २०१० आणि २०१६ साली लक्षद्वीपात असे झाले.

संध्याकाळी एका घरी चहा मिळाला. आम्ही तांब्याभर पाणी उगाच ओतून हात धुतले. घरच्या आजी काही बोलल्या नाहीत. पण त्यांच्या नातवाने समजावले, “आमची विहीर बघा. वाळूत पावसाचं गोड पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगतं. फार उपसलं तर खालचं खारं वर येतं.” आम्ही ओशाळलो. पाहुणे वाढले तर पाण्याची ओढही वाढणार. हा हिशेब आम्ही निघताना केलाच नव्हता.

परतताना एकाने किनाऱ्यावरून पोवळ्याचा तुकडा खिशात टाकला. “मेलेलंच तर आहे, मुलीला दाखवीन.”

“नका नेऊ,” होडीवाला म्हणाला. “कायद्यानं बंदी आहे. आणि त्याचीच वाळू होते इथं.”

त्याने खिसा रिकामा केला, आणि आम्ही होडीत चढलो.