परसबागेसाठी फळझाडांच्या जातींची निवड

घराच्या परसात दोन-चार फळझाडे असावीत, ही मराठी कुटुंबाची जुनी आवड आहे. न्हाणीचे पाणी जाते तेथे केळ, विहिरीजवळ नारळ, कुंपणाशी लिंबू आणि कोपऱ्यात पेरू किंवा सीताफळ, अशी रचना गावोगाव दिसते. या झाडांमुळे घरातील मुलांना ताजे फळ मिळते, बाजारखर्चात बचत होते आणि घराभोवती सावलीही राहते. तथापि अशी कित्येक झाडे वर्षानुवर्षे पानांनीच बहरतात. फळ मात्र धरत नाही, किंवा धरले तरी अपेक्षेप्रमाणे निघत नाही. त्याचे कारण मग जमिनीत, खतात किंवा दैवात शोधले जाते. वास्तविक, पुष्कळदा चूक झाड लावण्यापूर्वीच, म्हणजे जातीची निवड करताना झालेली असते.

भाजीपाल्याच्या बियाण्यातील चूक दोन-तीन महिन्यांत ध्यानात येते व पुढील हंगामात सुधारता येते. फळझाडाच्या बाबतीत ती पाच ते सात वर्षांनी कळते. तोपर्यंत जागा अडलेली असते, पाणी व श्रम खर्ची पडलेले असतात आणि मुले मोठी झालेली असतात. ज्याच्यापाशी शंभर झाडांची बाग आहे, त्याला दोन झाडे वाया गेल्याचे विशेष वाटणार नाही. ज्याच्या परसात तीनच झाडे मावतात, त्याच्या दृष्टीने प्रत्येक झाडाची निवड महत्त्वाची ठरते.

हिवाळ्याचे कार्य

फळझाडाला फुले येण्यासाठी वाढीत काही काळ खंड पडावा लागतो. थंड प्रदेशांत हे कार्य हिवाळा करतो. सफरचंद, नासपती, चेरी ही झाडे पानगळ होऊन निद्रिस्त होतात. ही निद्रा मोडून डोळे फुटण्यासाठी सुमारे ७ अंश सेल्सियसखालील तापमानाचे ठरावीक तास भरावे लागतात. प्रचलित डेलिशियस गटातील सफरचंदांना असे एक हजाराच्या आसपास तास लागतात. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे किमान तापमान सरासरीने ११ ते १२ अंशांच्या आसपास असते. कोकण किनाऱ्यावर ते याहूनही बरेच अधिक असते. साहजिकच, काश्मीर किंवा शिमल्याहून हौसेने आणलेले झाड येथे जगले, तरी नीट फुलोऱ्यावर येत नाही.

कमी थंडीत फळणाऱ्या काही जाती आता उपलब्ध आहेत. इस्राएलमधील 'ॲना', बहामा बेटांवरील 'डॉर्सेट गोल्डन' आणि हिमाचल प्रदेशातील शेतकरी हरिमन शर्मा यांनी विकसित केलेली 'एचआरएमएन-९९' या त्यांपैकी होत. आपल्या राज्यातही काही शेतकऱ्यांनी अशी झाडे लावून फळे घेतली आहेत. जागा भरपूर असल्यास अशा प्रयोगास हरकत नाही. तथापि परसातील एकुलती एक जागा सफरचंदास देण्यापूर्वी, त्याच जागी पेरू किंवा डाळिंब खात्रीने आले असते, याचा विचार करावा.

थंडीऐवजी पाण्याचा ताण

आपल्याकडील बहुतेक फळझाडे सदाहरित आहेत. त्यांना कडाक्याची थंडी लागत नाही; विश्रांती मात्र लागते. ही उणीव येथील शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या पाणी तोडून भरून काढली. पाणी काही काळ बंद ठेवले की वाढ थांबते, पाने गळू लागतात आणि पुन्हा पाणी देताच फुले येतात. यालाच 'बहार धरणे' म्हणतात. जानेवारी-फेब्रुवारीतील फुलांचा आंबे बहार, जून-जुलैतील मृग बहार आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधील हस्त बहार, असे त्याचे तीन प्रकार होत. नागपूर भागात संत्र्याच्या आंबे बहारास हिवाळ्यातील थंडी आणि पाण्याचा ताण या दोहोंचे साह्य मिळते.

परसबागेतील अपयशाचे मूळ नेमके येथे आहे. मोरी व न्हाणीचे पाणी बारमाही वाहत असते. त्या पाण्यावर लावलेल्या लिंबास किंवा डाळिंबास विश्रांती अशी कधी मिळतच नाही. झाड हिरवेगार राहते, नवी पालवी फुटत राहते आणि फळे मोजकीच धरतात. आंब्याचेही तसेच आहे. पावसाळा संपल्यावर मोठ्या आंब्याचे पाणी थांबवावे लागते. कोरडी हवा व थंड रात्री यांच्या योगाने फांद्या पक्व होऊन मोहोर येतो. त्या वेळी सतत पाणी मिळाले तर मोहोराऐवजी पालवी येण्याचा संभव असतो.

यास्तव झाड निवडताना पाणी कोठून कोठे जाते, हे प्रथम पाहावे. सांडपाण्याच्या वाटेवर केळ किंवा नारळ लावावा. साबणाचे पाणी थेट बुंध्याशी न सोडता ते अळूच्या किंवा कर्दळीच्या वाफ्यातून पुढे न्यावे. पपईस नियमित पाणी मानवते, मात्र बुंध्याशी साचलेले पाणी सोसत नाही; म्हणून ती उंचवट्यावर लावावी. आंबा, लिंबू व डाळिंब ही झाडे, जेथे पाणी आपल्या इच्छेने देता किंवा तोडता येते, अशा कोरड्या बाजूस असावीत. सीताफळ हिवाळ्याच्या अखेरीस आपणहून पाने टाकून विश्रांती घेते. हलकी, मुरमाड जमीन आणि पाण्याची टंचाई असेल तेथे त्याच्याइतके सोशिक झाड दुसरे क्वचितच सापडेल.

जागेचे गणित

कलमी आंब्यासाठी १० मीटर बाय १० मीटर अंतराची शिफारस केली जाते. म्हणजे एक पूर्ण वाढलेला आंबा जवळजवळ एक गुंठा जागा व्यापतो. चिकूचा विस्तारही जवळपास तितकाच होतो. पेरू व लिंबू यांना साधारण ६ मीटर, तर सीताफळास ५ मीटर अंतर पुरते. घराच्या भिंतीपासून चार हातांवर लावलेले हापूसचे कलम लहानपणी शोभून दिसते. पंधरा वर्षांनी मात्र त्याच्या फांद्या छपरावर येतात आणि घर किंवा झाड यांपैकी एकाची निवड करावी लागते.

लहान जागेसाठी आम्रपाली ही जात विचारात घेण्याजोगी आहे. दशहरी व नीलम यांच्या संकरातून दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ती प्रसारित केली. हे झाड ठेंगणे राहते, दरवर्षी फळते आणि २.५ मीटर अंतरावरही लावता येते. हापूसच्या एका झाडाच्या जागेत आम्रपालीची सोळा झाडे बसू शकतात. परसात अर्थातच एक किंवा दोन पुरेशी होतात.

विभागवार निवड

कोकणात पाऊस विपुल, हवा दमट आणि हिवाळा अगदी सौम्य असतो. तेथे हापूसचा मान मोठा आहे. तथापि तो बहुधा एक वर्षाआड भरघोस फळतो आणि त्याच्या फळात साका होण्याचा दोष आहे. घरासाठी एकच कलम लावावयाचे असेल, तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ले केंद्राने नीलम व हापूस यांच्या संकरातून काढलेली 'रत्ना' ही जात अधिक भरवशाची ठरते. ती दरवर्षी फळते व तिच्या फळात साका आढळत नाही. याच विद्यापीठाची फणसाची 'कोकण प्रॉलिफिक' व कोकमाची 'कोकण अमृता' या जातीही परसासाठी उपयुक्त आहेत. नारळात बाणवली ही दीर्घायुषी व खात्रीची जात होय. उत्तर कोकणात डहाणू-घोलवड परिसराची ख्याती चिकूमुळे आहे. तेथे खिरणीच्या खुंटावर बांधलेले 'कालीपत्ती'चे कलम लावावे. डाळिंब व अंजीर यांना मात्र कोकणची दमट हवा मानवत नाही.

पश्चिम महाराष्ट्राच्या पठारावर हवा कोरडी व रात्री थंड असतात. पेरूस अशी हवा उत्तम. पुण्याच्या गणेशखिंड येथील फळ संशोधन केंद्रात डॉ. चीमा यांनी निवडलेली 'लखनौ-४९', म्हणजेच 'सरदार', ही जात आजही परसबागेस योग्य आहे. पावसाळ्यात पिकणाऱ्या पेरूला फळमाशीचा उपद्रव फार होतो. हिवाळ्यात तयार होणारे फळ अधिक गोड व निर्दोष निघते. डाळिंबाची 'गणेश' ही जातही गणेशखिंडच्याच कार्याचे फळ होय. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेल्या 'भगवा' जातीने पुढे बाजारपेठ काबीज केली. परंतु तेल्या रोगाचा प्रादुर्भाव असलेल्या भागात, फवारणीची दक्षता घेणे शक्य नसल्यास, परसात डाळिंब लावण्याचा मोह टाळावा. पुरंदर परिसरात अंजीर उत्तम येते. तेथील अंजिरास परागीभवनाची गरज नसल्याने एकटे झाडही फळते. लिंबासाठी राहुरीची 'साई सरबती' आणि परभणीच्या विद्यापीठाच्या 'प्रमालिनी' व 'विक्रम' या जाती आहेत.

मराठवाड्यात पाणी अपुरे आणि उन्हाळा कडक असतो. तेथे आंब्यात 'केसर', सीताफळात 'बालानगर' व बीड भागातील चांगले स्थानिक वाण, तसेच कलमी बोर यांचा प्रथम विचार करावा. विदर्भात चांगल्या निचऱ्याची जमीन असल्यास जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावरील नागपूर संत्रा परसातही फळतो. पाणी साचणाऱ्या भारी काळ्या जमिनीत मात्र त्याची मुळे कुजतात. तेथे पेरूसारखे सोशिक झाड बरे.

एकटे झाड फळेल काय?

शेतकरी जे झाड शंभराने लावतो, ते परसात एकटे असते, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. आवळ्याच्या एकाच जातीचे एकटे झाड फुलते, परंतु फळे फारच थोडी धरते. म्हणून 'कृष्णा', 'कांचन', 'नरेंद्र-७' यांपैकी दोन भिन्न जाती लावाव्या लागतात. दोन झाडांना जागा नसेल तर शेजाऱ्याशी विचारविनिमय करून एक जात आपल्या व दुसरी त्यांच्या आवारात लावता येईल. हापूसलाही आसपास केसर किंवा रत्ना असल्यास फलधारणा चांगली होते.

कोकमाची बियांपासून केलेली रोपे सुमारे निम्मी नर निघतात आणि हे सहा-सात वर्षांनी, फुले आल्यावरच उमगते. मादी झाडावरून बांधलेले मृदुकाष्ठ कलम घेतल्यास हा धोका टळतो. पपईच्या 'वॉशिंग्टन' जातीतही नर व मादी झाडे वेगळी असतात. परसात दोनच पपया लावावयाच्या असतील, तर 'कूर्ग हनी ड्यू' किंवा 'सूर्या' यांसारखी, जिची सर्व झाडे फळतात, अशी जात निवडावी.

कलमाची पारख

योग्य जातीचे नाव ठाऊक असणे पुरेसे नाही. त्या नावाचे अस्सल रोप मिळणे तितकेच महत्त्वाचे आहे. आठवडी बाजारात किंवा हातगाडीवर विकले जाणारे रोप कोणत्या मातृवृक्षाचे आहे, हे सांगता येत नाही. फळरोपवाटिकांना परवाना घेण्याचे बंधन घालणारा कायदा महाराष्ट्रात १९६९ मध्ये झाला. रोपे परवानाधारक रोपवाटिका, कृषी विभागाच्या रोपवाटिका अथवा राहुरी, अकोला, दापोली व परभणी येथील कृषी विद्यापीठांची केंद्रे येथूनच घ्यावीत आणि पावती जपून ठेवावी.

आंबा, चिकू यांच्या कलमाचा सांधा एकजीव झालेला आहे काय, हे पाहावे. पेरूचे दाब कलम व डाळिंबाचे गुटी कलम यांची मुळे चांगली फुटलेली असावीत. कागदी लिंबू मात्र यास अपवाद आहे. त्याच्या एका बीमधून अनेक अंकुर निघतात व त्यांतील बहुतेक मातृवृक्षासारखेच असतात. म्हणून चांगल्या झाडाच्या बियांची निरोगी रोपे लावण्यास हरकत नाही.

लागवडीनंतर सांध्याखालून येणारी फूट वेळोवेळी काढून टाकावी. ती राहिली तर खुंटाचे झाड जोमाने वाढते आणि वरचे कलम मरते. 'हापूस लावला आणि रायवळ निघाला' या तक्रारीमागे पुष्कळदा रोपवाटिकेची लबाडी नसून ही दुर्लक्षित फूटच असते.

लागवडीपूर्वी करावयाचे काम

मे महिन्यात खड्डे खणून तापू द्यावेत आणि पावसाळ्याच्या आरंभी शेणखत व चांगली माती यांनी भरून घ्यावेत. त्यापूर्वी कुटुंबाने एकत्र बसून परसाचा साधा नकाशा काढावा. ऊन कोठे पडते, पाणी कोठे जाते, भिंत किती अंतरावर आहे, शेजारी कोणते झाड आहे, या चार गोष्टी त्यावर मांडाव्यात. आपल्या गावात पंधरा-वीस वर्षे नियमित फळणारी झाडे कोणती आहेत, त्यांची माहिती वडीलधाऱ्यांकडून घ्यावी. कारण त्या झाडांनी गावाचा हिवाळा व उन्हाळा पारखलेला असतो. एवढा विचार करून लावलेली दोन झाडे, हौसेने दाटीवाटीने लावलेल्या दहा झाडांपेक्षा घराला अधिक फळे देतील.