एक तार, दोन कॉम्प्युटर

एका नळाला दोन तोट्या लावल्या की दोन घरांना पाणी जाते. मग घरात इंटरनेटची एकच तार आली तर ती दोन कॉम्प्युटरना पुरते का? पुरते. कशी ते आपण बघू या.

पाणी सगळे सारखेच असते. कोणते पाणी कोणाच्या हंड्यात गेले याने काही बिघडत नाही. इंटरनेटचे तसे नाही. ताईने मागितले ते ताईलाच आले पाहिजे आणि दादाने मागितले ते दादालाच. म्हणून इंटरनेट हे नळापेक्षा पोस्टासारखे जास्त आहे.

समजा, एका वाड्यात पुष्कळ माणसे राहतात. वाड्याचा पत्ता एकच. दारात आजी बसते. कोणी पत्र टाकायला निघाले की आजी त्यावर एक नंबर घालते आणि वहीत लिहिते : नंबर ७ ताईचा, नंबर ८ दादाचा. उत्तरावर तोच नंबर येतो. आजी वही बघून ज्याचे त्याला देते. जे कोणीच मागवले नाही ते ती आत घेत नाही.

हेच काम करणाऱ्या डबीला राऊटर म्हणतात. बाहेरची तार त्याच्यापर्यंत येते. तिथून दोन वायरी दोन कॉम्प्युटरना जातात. वायर नसेल तर वायफाय चालते. राऊटर प्रत्येक कॉम्प्युटरला घरातला पत्ता देतो, जसे १९२.१६८.१.२ आणि १९२.१६८.१.३. शेजारच्या घरातही हेच पत्ते असू शकतात. आपल्या शाळेत प्रत्येक वर्गात हजेरी नंबर १ असतोच ना, तसे!

असे का करावे लागले? इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते सगळे मिळून ४,२९,४९,६७,२९६ एवढेच होतात. जगात माणसेच ८०० कोटींच्या वर आहेत. पत्ते पुरणार कसे? म्हणून एका पत्त्यामागे अनेक कॉम्प्युटर ठेवायची युक्ती निघाली. ती १९९४ साली प्रसिद्ध झाली. आता नवे लांब पत्तेही आले आहेत, पण ही युक्ती अजून चालते.

आपल्या देशात सर्व लोकांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाले. तेव्हा ते टेलिफोनच्या तारेतून यायचे आणि ते चालू असले की फोन लागायचा नाही. १९९९ साली विंडोज ९८ ची दुसरी आवृत्ती निघाली. तिच्यात एका कॉम्प्युटरमधून दुसऱ्याला इंटरनेट देण्याची सोय होती. पण पहिला बंद केला की दुसऱ्याचेही बंद! राऊटर वेगळा असला की ही अडचण येत नाही. फक्त लाईट गेली की राऊटरही झोपतो.

आता एक गणित करू. आपल्या तारेचा वेग सेकंदाला १६ मेगाबिट आहे. ८ बिट म्हणजे १ बाईट. म्हणून सेकंदाला २ मेगाबाईट येतात. १२० मेगाबाईटचा धडा उतरवायला १२० ÷ २ = ६० सेकंद लागतात. दोघांनी एकदम उतरवला तर वेग वाटला जातो. साधारण निम्मा निम्मा. मग दोघांनाही १२० सेकंद लागतात. एक थांबला की दुसऱ्याला पुन्हा सगळा वेग मिळतो.

दोघांना एकच धडा हवा असेल तर एकानेच उतरवावा आणि घरातल्या घरात दुसऱ्याला द्यावा. तो राऊटरमधून जातो, बाहेरच्या तारेवर त्याचे ओझे पडत नाही.

माझी ताई बारावीला आहे. ती संध्याकाळी कॉम्प्युटरवर तास बघते. दादा त्याच वेळी सिनेमा उतरवायला लावायचा. मग शिकवणाऱ्या सरांचा आवाज तुटायचा आणि गणिताची मधली पायरीच जायची. ताई रडकुंडीला यायची. तार तर एकच, ती ओढून लांब होत नाही. शेवटी आईने नियम केला : तास चालू असताना मोठी फाईल लावायची नाही, सिनेमा रात्री सगळे झोपल्यावर. आता दोघांचेही काम होते. राऊटर हिशेब ठेवतो, पण कोणाचे काम आधी हे त्याला आपोआप कळत नाही. ते माणसांनीच ठरवायचे.

आणखी एक. वायफायचा पासवर्ड कोणालाही सांगू नये. नाहीतर न विचारता तिसरा वाटेकरी येतो.

सांगा पाहू :
१) तारेचा वेग सेकंदाला २४ मेगाबिट आहे. १८० मेगाबाईटची फाईल एकट्याने उतरवली तर किती सेकंद लागतील?
२) दोघांनी एकदम उतरवली तर किती?
३) आजीची वही हरवली तर काय होईल?

उत्तरे वहीत लिहा आणि बाईंना दाखवा.

— इयत्ता ४ थी